पेटीतला रंधा

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी सकाळी हार्डवेअरचे एक निवृत्त व्यापारी हमखास दिसतात. दुकान मुलाच्या स्वाधीन केल्यावर त्यांनी हा छंद धरला. भंगारातून जुने रंधे, पटाश्या, गिरमिटे निवडायची, रॉकेलमध्ये भिजवून गंज उतरवायचा, पात्यांना दगडावर धार लावायची आणि लाकूडकामाची हौस असणाऱ्यांना ती हत्यारे विकायची. मुठीला चीर असेल, तर गिऱ्हाइकाला आधी दाखवायची. नवे पाते बसवून ‘मूळचेच आहे’ म्हणणे हा प्रतिरूपक-व्यवहार; संशयास्पद माल स्वस्तात उचलणे हे तदाहृतादान. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातले अचौर्यव्रताचे हे अतिचार त्यांना स्वाध्यायामुळे पाठ आहेत, आणि जुन्या बाजारात त्यांची आठवण पावलोपावली होते.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एका दिवंगत सुताराच्या पत्नीकडून त्यांनी हत्यारांची पेटी घेतली. बाईंनी ८०० रुपये सांगितले. त्यांनी घासाघीस न करता दिले. घरी पाहतात तो तळाशी फडक्यात गुंडाळलेला शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीचा ४०५ क्रमांकाचा रंधा, पात्यांच्या संचासह! पाती बदलून या एकाच रंध्याने खाचाही पाडता येतात आणि कंगोरेही काढता येतात. विजेवरची यंत्रे आली आणि असे रंधे अडगळीत गेले. आठवड्याभरात एका वास्तुविशारदाने त्याचे १२,००० रुपये मोजले.

“बाबा, भाव त्यांनीच सांगितला होता,” मुलगा म्हणाला.

ते खरेच होते. माल चोरीचा नव्हता, मापात खोट नव्हती. पाच अतिचारांपैकी एकातही हा व्यवहार बसत नव्हता. शिवाय मालाची किंमत दुसऱ्याआधी ओळखणे, यावरच तर त्यांचे दुकान चाळीस वर्षे चालले होते. पण तेव्हा समोर व्यापारी असे. इथे समोरच्या बाईंना आपण काय विकतो आहोत, हेच ठाऊक नव्हते. दोन रात्री त्यांना झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी आपली मेहनत आणि नेहमीचा नफा वजा करून ९,००० रुपये घेऊन ते बाईंकडे गेले. बाईंनी नोटा मोजल्या नाहीत.

“शेठ, पेटीत एक लहान रंधा होता. विकलात का?”

“नाही.”

“तेवढा परत द्या. पावसात दार फुगतं. हे असते तर त्यांनीच तासलं असतं.”

दुपारी पात्याला धार लावून ते रंधा घेऊन पुन्हा गेले. दाराची वरची कड त्यांनीच तासून दिली. खालची बाईंनी तासली.