सेंट किल्डाचा एक गुण

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू मारला की सहा गुण. नेम जरासा चुकून चेंडू उंच आणि बाजूच्या ठेंगण्या खांबामधून गेला, तरी एक गुण पदरी पडतो. त्याला ‘बिहाइंड’ म्हणतात. हुकलेल्या नेमाचीही कदर करणारा खेळ विरळाच!

मेलबर्न शहरातील सेंट किल्डा संघाचे दैव या एका गुणाशीच बांधलेले दिसते. १८९७ मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली आणि हा संघ पहिले ४८ सामने ओळीने हरला. १८९९ मध्ये जिलाँगने त्याच्याविरुद्ध १६२ गुण केले. सेंट किल्डाचा अवघा एक. लीगमधील तो नीचांक आजही अबाधित आहे. १९०० मधील पहिलावहिला विजय तर कागदावरच मिळाला. मेलबर्न संघाशी बरोबरी झाली होती. परंतु प्रतिस्पर्ध्यांचा एक बिहाइंड घंटा वाजल्यानंतरचा ठरला आणि तक्रारीअंती तो रद्द झाला.

पुढे १९६६ चा अंतिम सामना. प्रतिस्पर्धी कॉलिंगवूड, गुण ७३-७३, वेळ संपत आलेली. बॅरी ब्रीनने मारलेला चेंडू भरकटला आणि बिहाइंड झाला. ७४-७३! सेंट किल्डाचे ते आजवरचे एकमेव विजेतेपद.