काचनळीतील राणी

मुंगी हा पाळण्याचा प्राणी असू शकतो, ही कल्पना वयाची चाळिशी उलटेपर्यंत माझ्या मनाला शिवली नव्हती. आमच्या रत्नागिरीच्या घरात मुंग्यांशी संबंध दोनच प्रकारचे. साखरेच्या डब्याभोवती हळदीची रेघ ओढायची, आणि परसातल्या वारुळापाशी मात्र चिमूटभर पीठसाखर घालायची. एकीकडे प्रतिबंध, दुसरीकडे भूतदया. या दोहोंत काही विसंगती आहे असे आईला कधी वाटले नाही, आणि खरे पाहता ती नाहीही. २०२३ साली अभ्यागत प्राध्यापक म्हणून दोन वर्षांसाठी मी हायडेलबर्गला गेले. तेथे या दोहोंहून निराळा असा तिसरा संबंध मी पाहिला, आणि काही काळ त्यात ओढलीही गेले.

माझ्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त घड्याळजी राहत. त्यांच्या खोलीतल्या भिंतभर फळ्यांवर पुस्तकांऐवजी काचेची आणि जिप्समची घरटी मांडलेली होती. जुलैतल्या एका दमट, निर्वात दुपारी नेकार नदीकाठच्या फरसबंदीवर पंखांच्या मुंग्यांचा सडा पडला होता. त्यांनी त्यातली एक उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "प्राध्यापकबाई, आपण हिच्यापासून आरंभ करा." ती 'लासिउस नायगर', म्हणजे युरोपातली अगदी सामान्य काळी मुंगी. काचनळीच्या तळाशी थोडे पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, मग तोंडाशी दुसरा बोळा आणि बाहेरून अंधार; एवढेच तिचे घर.

या राणीचे मीलन आकाशात होते, आणि त्या वेळी साठवलेले बीज तिला जन्मभर पुरते. जमिनीवर उतरताच ती आपले पंख स्वतःच मोडून टाकते. पहिली कामकरी पिढी निपजेपर्यंत ती काही खात नाही. निरुपयोगी झालेले पंखांचे स्नायूच तिची शिदोरी होतात. मुक्ताबाईंच्या कूट अभंगातली आकाशात झेपावणारी मुंगी मी वर्षानुवर्षे निव्वळ प्रतीक म्हणून शिकवीत आले होते. मुंगी खरोखरच उडते, आणि आयुष्यात एकदाच उडते, हे ज्ञान मला नेकारकाठी झाले.

सप्टेंबरात पाच इवल्याशा मुंग्या दिसू लागल्या. थंड प्रदेशातल्या या जातीला हिवाळी निद्रा आवश्यक असते. म्हणून ती नळी काही महिने फ्रिजमध्ये, लोण्याच्या शेजारी, राहिली. परक्या गावातल्या त्या पहिल्या हिवाळ्यात, रात्री फ्रिज उघडून ती जिवंत आहे ना हे पाहणे हा माझा नित्यनेम झाला. एकटेपणाला एवढाही आधार पुरतो, हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

पुढे त्यांच्याबरोबर मी कीटकांच्या बाजाराला गेले. लांबलचक मेजांवर नळ्यांच्या रांगा, प्रत्येकीवर लॅटिन नाव आणि कामकऱ्यांची संख्या. जितकी जात दुर्मिळ आणि जितका दूरचा देश, तितकी किंमत चढी. मुंग्यांचा व्यापार तसा जुना आहे. इ. स. ३०४ मधला म्हणून परंपरेने मानल्या गेलेल्या एका चिनी ग्रंथात, संत्र्यांच्या झाडांवरील किडींच्या बंदोबस्तासाठी मुंग्यांची घरटी पिशव्यांतून बाजारात विकली जात, अशी नोंद आहे. परंतु ती घरटी पुन्हा झाडावरच चढत असत. अमेरिकेत १९५६ पासून मिल्टन लेव्हीन यांनी मुलांसाठी मुंग्यांच्या काचपेट्या विकल्या. त्यांत राणी नसे, म्हणून ती वस्ती काही महिन्यांत संपून जाई. हौशी मंडळी त्या पेट्यांना खेळणे समजतात. त्यांना हवी असते राणी, कारण राणी म्हणजे एक कीटक नव्हे, पुढे होणारे एक संपूर्ण नगर.

जून २०२४ मध्ये मी रत्नागिरीस निघाले, तेव्हा शेजाऱ्यांनी भीत भीत विचारले, "आपल्याकडच्या मोठ्या काळ्या मुंगीची एक राणी मिळेल का? मोबदल्यात माझी कोणतीही वस्ती निवडा." मी होकार दिला. आपल्या जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार परदेशी नागरिकाला संशोधनासाठी वा व्यापारासाठी येथील जैविक संसाधन मिळवायचे तर राष्ट्रीय प्राधिकरणाची पूर्वमान्यता लागते, हे मला ठाऊक होते. पण हा ना व्यापार ना संशोधन, ही तर मैत्री, अशी मी मनाची समजूत घातली. त्याहून मोठी समजूत माझ्या विषयाने पुरवली. जोन्सने १७८९ साली शाकुंतल इंग्रजीत नेले, त्यावरून फॉर्स्टरने १७९१ साली जर्मनमध्ये. जे एका भूमीतून दुसऱ्या भूमीत जाते ते वाढते, हेच तर मी वर्गात शिकवते!

पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री ओटीवरच्या दिव्याखाली डोंगळ्याची राणी सापडली. मी तिला नळीत घातले आणि नळी कपाटात ठेवली. चार दिवसांनी पाहते तो तिच्या पायांशी अंड्यांचा लहानसा पुंजका. आई मागे येऊन उभी राहिली.

"अगं, हिला कोंडून कशाला ठेवलीस?"

"जर्मनीला न्यायची आहे. तिथे तिची चांगली निगा राखतील."

आई क्षणभर पाहत राहिली. "पावसानं माती मऊ झालीय तोवरच तिला बीळ करता येतं. तिला उशीर होतोय, सोड."

मी त्या दिवशी सोडले नाही. आणखी दोन दिवस गेले. मग परसातल्या आंब्याच्या बुंध्याशी, ओल्या मातीत, नळीचे तोंड उघडले. नळीला बसलेल्या हिसक्यांनी राणी बिथरली होती. बाहेर पडण्यापूर्वी तिने आपलीच अंडी खाऊन टाकली. माझा निर्णय योग्य होता, पण सहा दिवस उशिराचा होता, आणि त्याचे मोल मी दिले नाही, तिने दिले.

मी रिकाम्या हाताने परतले. शेजारी काही बोलले नाहीत. पण त्यांचे बोलावणे विरळ झाले. एप्रिल २०२५ मध्ये मात्र त्यांनी स्वतः माझे दार वाजवले. केनियात विशीही न गाठलेल्या दोन बेल्जियन तरुणांना २,२४४ नळ्या आणि त्यांतल्या सुमारे ५,००० मुंग्यांसह पकडले होते; त्यांत प्रामुख्याने 'मेसोर सेफालोटीस' या धान्य वेचणाऱ्या मोठ्या मुंगीच्या राण्या होत्या. हे बेकायदा असल्याचे आपणास ठाऊक नव्हते, असे त्यांचे म्हणणे. मे महिन्यात नैरोबीच्या न्यायालयाने त्यांना आणि अन्य दोघांना प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंग दंड अथवा एक वर्षाचा कारावास सुनावला.

"माझ्याकडेही त्या जातीची एक राणी आहे," शेजारी म्हणाले. "बाजारात घेतली. कोठून आली हे मी विचारले नाही. मुलांना शिक्षा होते. विचारणे टाळणाऱ्या म्हाताऱ्याला होत नाही."

त्या संध्याकाळी माझी उपमा माझ्यापुरती मोडली. शाकुंतल जर्मनीत गेले, म्हणून ते उज्जयिनीतून नाहीसे झाले नाही. अनुवाद मूळ जागेवर ठेवूनच पुढे जातो. राणी नेली, तर तेथे काहीच उरत नाही: ना बीळ, ना ती वस्ती जे बी रानभर पसरवणार होती ते, ना तिने पोखरून मोकळी केलेली माती. आणि नेलेले परत करता येत नाही. आफ्रिकेतली राणी जर्मनीच्या बागेत सोडता येत नाही आणि तिच्या मैदानात धाडताही येत नाही. ती किती जगेल? 'लासिउस नायगर'ची एक राणी माणसाच्या सांभाळात २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. शेजाऱ्यांनी तेव्हा पंचाहत्तरी गाठली होती. माझ्यानंतर हिला कोण पाहील, असे त्यांनी विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते. अभ्यागताने काय आश्वासन द्यावे?

जुलै २०२५ मध्ये मी परत निघाले. माझी वस्ती तोवर काही शेकड्यांची झाली होती. ज्या फरसबंदीपाशी ती राणी मिळाली, तिच्याच कडेच्या गवतात आम्ही दोघांनी घरटे उघडून ठेवले. ही तेथलीच होती. हिला परत देता येत होते. शेजारी गुडघे टेकून बराच वेळ पाहत राहिले. सर्वांत शेवटी, कामकऱ्यांच्या गराड्यात, राणी मातीखाली गेली. त्यांनी रिकामी नळी रुमालाने पुसली, आणि ती कोणास द्यावी हे न सुचून स्वतःच्याच खिशात ठेवली.