पिनेभोवतीची चीर

रावेरकडच्या केळीबागेतल्या मोटारीचा ऑटो-स्टार्टर बंद पडला, म्हणून त्याचा सर्किट बोर्ड घेऊन जळगावला आलो. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी तो भिंगाखाली धरला. हिरव्या कनेक्टरच्या एका पिनेभोवती केसाएवढी गोल चीर होती. "भाऊ, पार्ट सगळे चांगले आहेत. ड्राय सोल्डर झालंय."

त्यांनी जुनं सोल्डर काढलं, फ्लक्स लावला. सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक पिनेला आणि तांब्याच्या चकतीला एकदम टेकवलं, सोल्डरची तार नंतर. कथील ६३ टक्के, शिसं ३७ टक्के असलं की ते १८३ अंशांना वितळतं. पिन थंड राहिली तर वर नुसती गोळी बसते, वरून शाबूत दिसणारी. नीट तापली तर सोल्डर चमकत पिनेच्या अंगाला वर चढतं. ते चढणं मी पाहतच राहिलो.

बोर्डावरचे बाकीचे भाग आपापल्या जागी निवांत असतात. कनेक्टरला मात्र बाहेरचा हात लागतो. स्क्रू आवळले जातात, तारा ओढल्या जातात. मे महिन्यात स्टार्टरची पत्र्याची पेटी दिवसभर तापते, रात्री निवते. पिन आणि बोर्ड सारखे प्रसरण पावत नाहीत. तो सगळा ताण झेलतं सोल्डर, मुळात वीज वाहून नेण्यासाठी घातलेलं.

मला आई आठवली. सालदार, सोसायटीचं कर्ज, वडिलांचा राग, सगळं तिच्यातूनच घरात यायचं.

तारांना आधार म्हणून काकांनी पेटीत क्लॅम्प बसवायला सांगितलाय. आईला तसा आधार कोण होतं? मावशीला विचारायला हवं. ती धुळ्याला असते.