कलिंगडाचे शिरस्त्राण

रिजायना हे शहर मुद्दाम पाहण्यासाठी कोणी जात नाही. कॅनडास जाणारा प्रवासी नायगाऱ्याचा धबधबा पाहतो, रॉकी पर्वताची हिमशिखरे पाहतो, आणि या दोहोंमधला अफाट सपाट मुलूख विमानात झोप काढून ओलांडतो. आम्ही त्याचा एक भाग जमिनीवरून ओलांडला, तो पुतण्याच्या आग्रहामुळे. विनिपेगहून रिजायनापर्यंतचा सुमारे पावणेसहाशे किलोमीटरांचा रस्ता बव्हंशी इतका सरळ व सपाट आहे, की समोरून येणाऱ्या मालमोटारीचा ठिपका दिसू लागल्यापासून ती जवळ येईपर्यंत एखादी गोष्ट सांगून संपवावी. दुतर्फा गहू, कॅनोला आणि मसूर. होय, मसूर! आपल्या घरी शिजणारी मसुराची डाळ कित्येकदा याच सस्कॅचेवान प्रांतातून आलेली असते. सौभाग्यवतींनी गाडी थांबवून त्या शेताचे दर्शन घेतले तेव्हा पुतण्यास हसू आवरेना.

शहराचे आजचे नाव १८८२ साली व्हिक्टोरिया राणीच्या सन्मानार्थ ठेवण्यात आले. त्यापूर्वी येथील क्री लोकांच्या भाषेत या जागेचे नाव 'हाडांचा ढीग' अशा अर्थाचे होते; रानगव्यांची हाडे येथे रचून ठेवलेली असत. २०२१ च्या शिरगणतीप्रमाणे वस्ती सव्वादोन लाखांच्या आसपास. आणि एवढ्याशा गावात तेहेतीस हजारांवर प्रेक्षक बसतील असे क्रीडांगण आहे! म्हणजे गावातील दर सात माणसांमागे जवळजवळ एक आसन. हे काय प्रकरण आहे, ते कामगार दिनाच्या सुट्टीत आम्हांस कळले.

वाचकांच्या सोयीसाठी प्रथम खेळाविषयी थोडे सांगतो. कॅनेडियन फुटबॉल हा आपला फुटबॉल नव्हे. रग्बीपासून निघालेला हा खेळ. चेंडू लंबगोल, तो हातात धरून धावावयाचे किंवा फेकावयाचे. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी तीन प्रयत्न मिळतात. शेजारच्या अमेरिकेत चार. अमेरिकेत अकरा गडी, येथे बारा. मैदानही अमेरिकेपेक्षा लांब व रुंद. चेंडू लाथेने टोकाच्या पट्ट्यात धाडला आणि प्रतिपक्षाला तो बाहेर आणता आला नाही, तर एक गुण मिळतो. या एका गुणावर कॅनडातील रसिकांचे जे प्रेम आहे, ते पाहून आम्हांस संस्कृत नाटकातील विदूषकाची आठवण झाली. त्याच्यावाचून कथानक अडत नाही, पण त्याला वगळू म्हटले की सारे रसिक उठून उभे राहतात.

सप्टेंबरचा पहिला सोमवार हा तेथील कामगार दिन. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, रिजायनात सस्कॅचेवान रफरायडर्स आणि विनिपेगचे ब्लू बॉम्बर्स यांची गाठ पडते. रफरायडर्सचा रंग हिरवा, बॉम्बर्सचा निळा. आमच्या पुतण्याचे शिक्षण विनिपेगला झाले, म्हणून तो निळा. सूनबाई रिजायनातील शाळेत शिकवितात, म्हणून त्या हिरव्या. बारा वर्षांची नात रिजायनातच जन्मलेली, तेव्हा तिच्या रंगाविषयी प्रश्नच नव्हता. त्या रविवारी सकाळी स्वयंपाकघरात गेलो, तो ओट्यावर तीन मोठी कलिंगडे. आम्हांस वाटले, फराळाची तयारी चालली असावी.

सूनबाईंनी एक कलिंगड कापले, मोठ्या डावाने आतला गर कोरून काढला, कडा सुरीने तासून कपाळाशी व कानांशी खाचा पाडल्या, आत जुने फडके बसविले आणि ते हिरवे टोपले नातीच्या डोक्यावर ठेवून दिले. शिरस्त्राण तयार! गर आम्ही न्याहारीस खाल्ला. दुपारी क्रीडांगणाकडे गेलो तेव्हा अशी शेकडो डोकी पाहिली. रस गळून मानेवर ओघळत होता, गांधीलमाश्या घोंघावत होत्या आणि कोणासही त्याची पर्वा नव्हती. गंमत अशी, की कलिंगड हे काही त्या थंड मुलखाचे मुख्य पीक नव्हे. बाजारात येते ते बहुतेक दक्षिणेकडून. पण रंग हिरवा आहे, आणि तेवढे पुरे.

तो हिरवा रंग तरी कोठून आला? १९१० साली रिजायना रग्बी क्लब म्हणून संघ जन्मला तेव्हा त्याचे रंग जांभळा व सोनेरी होते. पुढे ते बदलत गेले. १९४८ साली संघाच्या एका चालकांना शिकागोच्या एका दुकानात हिरव्या-पांढऱ्या सदऱ्यांचे संच स्वस्तात मिळाले, ते त्यांनी उचलले. तेव्हापासून संघ हिरवा! सारा प्रांत ज्या रंगाची शपथ घेतो, तो असा सवलतीच्या दरात आलेला आहे. ही हकीकत आम्ही जेवताना काढली, तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, मग काय झालं? आता तो आमचाच आहे ना!" यावर आम्हांस उत्तर सुचले नाही.

त्या घरातील खरा वाद बॅंजोवरून होता. रिजायनातील सामन्यानंतरच्या आठवड्यात हेच दोन संघ विनिपेगला पुन्हा भेटतात, आणि त्या सामन्याला 'बॅंजो बोल' म्हणतात. २००३ साली विनिपेगचा लाथाडू ट्रॉय वेस्टवुड याने सस्कॅचेवानच्या लोकांना बॅंजो छेडीत बसणारे, घरातल्या घरात सोयरिकी जुळविणारे गावंढळ अशा अर्थाचे काहीतरी म्हटले. गिल्ला झाला. तेव्हा त्याने क्षमा मागितली, ती अशी, की सस्कॅचेवानमधील बहुसंख्य लोकांना बॅंजो वाजविता येतच नाही, हे आपण ध्यानात घ्यावयास हवे होते! पुढच्याच वर्षापासून सामन्याला ते नाव चिकटले. आमच्या मते त्या क्षमायाचनेत मूळ शिवीपेक्षा धार अधिक आहे, आणि म्हणूनच ती टिकली. पण सूनबाईंना ते मान्य नाही. "शहरातल्या माणसानं शेतकऱ्याला गावंढळ म्हणायचं आणि मग तिकिटावर तेच छापून पैसे मिळवायचे, ही कसली थट्टा?" पुतण्याचे म्हणणे, हिरवे लोक स्वतःच बॅंजो घेऊन विनिपेगला येतात, मग दुखावले कोण? दोघांचेही खरे वाटत होते. सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "शिवी आपण उचलून मिरवली की तिचा दंश जातो. पण मिरवणाऱ्यानं मिरवावी, देणाऱ्यानं नव्हे." त्यावर क्षणभर शांतता पसरली आणि पुतण्याने आमटी वाढून घेतली.

असल्या वादांना तेथे तोटा नाही. संघाचे सोंग म्हणून 'गेनर' नावाची एक खार मैदानात नाचते. गवताळ प्रदेशातील बिळांत राहणारी ही खार. २०१९ साली तिचे रूप पालटले, डोळे मोठे व टवकारलेले केले, तर लोकांनी असा गलका केला, की पुढे ते पुन्हा बदलावे लागले. पूर्वेकडे हॅमिल्टन हे पोलादाचे शहर आणि टोरांटो हे पेढ्यांचे; त्यांचे वैर घामाचे व पैशाचे. हॅमिल्टनमध्ये गोल टोपी घातलेला 'पिगस्किन पीट' 'ऑस्की वी वी' ही आरोळी देतो आणि सारे प्रेक्षागृह ती झेलते. ती भूमिका एकाकडून दुसऱ्याकडे जात आली आहे, जशी आपल्याकडे कीर्तनाची गादी जाते. टोरांटोविरुद्धची घोषणा तर टोरांटोचा संघ मैदानावर नसतानाही दिली जाते! कॅलगरीवाले १९४८ साली ग्रे चषकाच्या अंतिम सामन्यासाठी टोरांटोला आगगाडीने घोडे घेऊन आले, रस्त्यात धिरडी भाजून वाटली आणि एका थोर हॉटेलाच्या दिवाणखान्यात घोडा नेला. पुढे तो कुळाचारच झाला.

पण सस्कॅचेवानच्या भक्तीला दुःखाची जी जोड आहे, ती इतरांपाशी नाही. मैदानावर बारा गडी, म्हणून तेथील प्रेक्षकांना 'तेरावा गडी' ही पदवी. २००९ सालच्या नोव्हेंबरात कॅलगरीला अंतिम सामना होता. रफरायडर्स २७-२५ असे पुढे होते. मॉंट्रियलच्या डेमन ड्युव्हालने अखेरची लाथ मारली, ती चुकली. हिरवे लोक नाचू लागले. इतक्यात पंचांचा निशाणा पडलेला दिसला. सस्कॅचेवानचे मैदानात तेरा गडी होते! लाथ पुन्हा मारावयास मिळाली, तीही दहा यार्ड जवळून, आणि २८-२७ असा निकाल लागला. आपल्याकडे दुष्काळात तेरावा महिना म्हणतात. त्यांच्या नशिबी तेरावा गडी आला. सूनबाई त्या वेळी नुकत्याच रिजायनास आल्या होत्या. शेजारची वृद्ध बाई पायरीवर बसून रडत होती, तिला चहा करून दिला, तेथून आपण हिरव्या झालो, असे त्या सांगतात.

या संघाला धनी नाही, ही गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. तो लोकांचा आहे. २५० डॉलर देऊन भाग घ्यावा, त्यावर लाभांश मिळत नाही. भिंतीवर लावावयास कागद मिळतो, आणि सभेत मत. १९९७ च्या आरंभी संघ बंद पडण्याच्या बेतात होता. तिकिटे खपली नाहीत तर हंगाम नाही, अशी पाळी आली, तेव्हा दूरचित्रवाणीवरून आवाहन झाले आणि प्रांतातील लोकांनी तिकिटे घेऊन संघ तारला. ओटावाचा संघ मात्र आदल्याच वर्षी मिटला. त्याचेही नाव रफ रायडर्स. एका साखळीत दोन संघ जवळजवळ एकाच नावाने वर्षानुवर्षे नांदत होते. १८७६ पासूनचा तो संघ गेला.

आम्हां इंदूरकरांना याचा अर्थ सांगावयास नको. कर्नल सी. के. नायडूंच्या होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. बडोद्याशी आमचे काय वैर होते! १९४७ च्या मार्च महिन्यात बडोद्यात विजय हजारे व गुल महंमद यांनी आमच्याविरुद्ध ५७७ धावांची भागी रचली, तो आकडा आमचे वडील अखेरपर्यंत तोंडाने उच्चारीत नसत. संस्थान गेले, १९५५ नंतर संघही गेला. आता बडोदेकर भेटले तर चिडवावयास निमित्त उरलेले नाही.

म्हणूनच २०२५ च्या सप्टेंबरात दूरध्वनीवर सूनबाईंचा स्वर कळवळलेला ऐकला तेव्हा आम्ही हसलो नाही. साखळीच्या चालकांनी जाहीर केले होते, की २०२७ पासून मैदान एकशे दहा यार्डांऐवजी शंभर यार्डांचे होईल, टोकाचे पट्टे वीसांवरून पंधरावर येतील आणि गोलाचे खांब पट्ट्याच्या मागे जातील. २०२६ पासून चेंडू नुसता पट्ट्यापार गेल्याने मिळणारा तो एक गुणही मिळणार नाही. पट्ट्यात अडकला तरच मिळेल. बारा गडी व तीन प्रयत्न राहतील, एवढे आश्वासन. पुतण्याच्या मते गुण अधिक होतील, तरुण मंडळी येतील, खेळ जगेल. सूनबाई म्हणतात, अमेरिकेचे मैदान आले, खांब आले, मग आमचे म्हणून काय शिल्लक राहिले? मोठमोठ्या खेळाडूंनीही उघड नापसंती दर्शविली. आमचे मत विचाराल तर आम्ही सूनबाईंच्या बाजूचे. खेळ जगावा हे खरे. पण कलिंगड डोक्यावर घेऊन माणूस तीनशे किलोमीटर येतो, तो चार गुण अधिक पाहण्यासाठी येत नाही.

त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला ग्रे चषकाचा अंतिम सामना खुद्द विनिपेगला झाला, आणि तेथे, निळ्यांच्या अंगणात, हिरव्यांनी मॉंट्रियलला हरवून बारा वर्षांनी चषक नेला. दुसऱ्या दिवशी आम्ही अभिनंदनासाठी दूरध्वनी केला. नातीने उचलला. मागे बराच गोंगाट होता. पुतण्यास बोलाव म्हटले, तर म्हणाली, "बाबा बाहेर बर्फ उपसताहेत, आजोबा. सकाळपासून तेच करताहेत. खरं म्हणजे आज बर्फ फारसा पडलेलाच नाही."