अंगीं लागणें

“पोर खातें पुष्कळ, पण अंगीं लागत नाहीं,” हें वाक्य आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकूं येत आहे. वाक्य साधें, परंतु तें उच्चारतांना वडीलधाऱ्यांची दृष्टि बहुधा मुलाच्या आईकडे वळते. तिचें लक्ष नाहीं, तिच्या हाताला चव नाहीं, तिचें दूधच पातळ, असे नाना तर्क निघतात. शिक्षकाच्या पेशांत अशीं कृश मुलें मीं पुष्कळ पाहिलीं, आणि त्यांच्याविषयीं विचारतांच अपराध्यासारखी मान खालीं घालणाऱ्या त्यांच्या माताहि पाहिल्या. म्हणूनच अंगीं लागणें म्हणजे नेमकें काय, या प्रश्नावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जें संशोधन झालें, तें वाचकांपुढें मांडावेंसें वाटतें.

मनुष्याच्या देहांत सुमारें ३८ लक्ष कोटि जंतु वास करितात, असा हिशेब २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. देहाच्या स्वतःच्या पेशी सुमारें ३० लक्ष कोटि; म्हणजे या घरांत घरच्यांहून पाहुणेच अधिक! त्यांतील बहुतेकांचें बिऱ्हाड मोठ्या आंतड्यांत असतें. हे पाहुणे आयतें खाऊन बसत नाहींत, हें दाखविण्याचें श्रेय पुष्कळ अंशीं अमेरिकेंतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्राध्यापक जेफ्री गॉर्डन यांस आहे. २००३ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा एका जंतूचा जीनोम, म्हणजे त्याच्या आनुवंशिक द्रव्याची समग्र संहिता, वाचून प्रसिद्ध केला. त्या जंतूचें नांव बॅक्टेरॉइडीस थीटायोटाओमायक्रॉन. थीटा, आयोटा व ओमायक्रॉन हीं तीन ग्रीक अक्षरें त्यांत गुंफिलेलीं आहेत, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पदच्छेद सुलभ होतो. ६२ लक्षांहून अधिक अक्षरांच्या त्या संहितेंत वनस्पतींतील चिवट तंतु तोडणाऱ्या पाचक द्रव्यांचीं सूत्रें मोठ्या संख्येनें आढळलीं. त्यांतील बहुतेक मनुष्याच्या स्वतःच्या संहितेंत नाहींत. आपल्याला न पचणारें अन्न हे जंतु पचवितात, व त्याचा कांहीं अंश आपणांस परत देतात.

आईच्या दुधाची व्यवस्था तर याहून विलक्षण. त्यांत अशा अनेक शर्करा असतात कीं, त्या बाळाला स्वतःला पचत नाहींत; त्या त्याच्या पोटांतील बिफिडोबॅक्टेरियम नामक जंतूंचें अन्न होत. म्हणजे माता एकाच वेळीं बालकास व त्याच्या आश्रितांसहि जेवूं घालीत असते!

मग एकाच आईच्या हातचें खाऊन एक मूल बाळसें धरतें व दुसरें वाळतें, असें कां? गॉर्डन यांच्या मंडळीनें आफ्रिकेंतील मालावी देशांत जुळ्यांच्या ३१७ जोड्यांची त्यांच्या वयाचीं पहिलीं तीन वर्षें पाहणी केली व २०१३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेंकडा ४३ जोड्यांत एक भावंड कुपोषित झालें व दुसरें सुदृढ राहिलें. अशा कांहीं जोड्यांतील दोघांचेहि जंतु निर्जंतुक उंदरांच्या पोटीं वसविले, व उंदरांस मालावींतील लोकांचेंच अन्न दिलें. आजारी भावंडाचे जंतु व तें अन्न यांचा संयोग होतांच उंदरांचें वजन झपाट्यानें उतरलें.

पुढील शोध ढाका शहराच्या मीरपूर वस्तींत, तेथील आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्राचे तहमीद अहमद यांच्या सहकार्यानें झाला. कुपोषित मुलांचा जंतुसमाज वयाच्या मानानें अपक्व राहतो, व नेहमींच्या पौष्टिक खाद्यानें ही अपक्वता पुरती जात नाहीं, असें २०१४ सालीं दिसून आलें. तेव्हां त्या जंतुसमाजास पक्व करणारें अन्न कोणतें, हें उंदीर व डुकराचीं पिलें यांवर पारखून पाहिलें. अखेर जें ठरलें, त्यांतील मुख्य जिन्नस चार: हरभऱ्याचें पीठ, सोयाबीन, भुईमूग व कच्चें केळें! १२ ते १८ महिन्यांच्या १२३ बालकांवर तीन महिने त्याची प्रचलित पूरक खाद्याशीं तुलना करण्यांत आली. नव्या खाद्यांत उष्मांक कमी असूनहि त्यावरील मुलांचें उंचीच्या मानानें वजन अधिक वेगानें सुधारलें, असा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला.

गीतेच्या पंधराव्या अध्यायांत प्राण्यांच्या देहांत राहून अन्न पचविणारा वैश्वानर सांगितला आहे. तो वैश्वानर म्हणजेच हे जंतु, असें म्हणून कोणी पूर्वजांच्या हातीं सूक्ष्मदर्शक यंत्र देऊं लागला, तर तें मला मान्य नाहीं. गीतेची भूमिका निराळी. आणि संहिता वाचण्याचे कष्ट ज्यांनीं केले, त्यांचें श्रेय त्यांसच द्यावें. तसेंच, हें वाचून कोणीं घरच्या घरीं कच्चीं केळीं कुटून तान्ह्याला भरवूं नयेत. त्या खाद्याचीं प्रमाणें मोजून ठरविलेलीं आहेत. शिवाय दारिद्र्य, दूषित पाणी व अतिसार हीं कारणें या शोधानें नाहींशीं झालेलीं नाहींत, हें मेळघाटांतील माउलीला निराळें सांगावयास नको.

परंतु एक गोष्ट आपल्या हातची आहे. मालावींतील त्या जुळ्या भावंडांची आई एकच होती. हें ध्यानांत घेऊन, मूल वाळत असेल तर सुनेला बोल लावण्यापूर्वीं त्याच्या वजनाचा तक्ता काढून पाहावा, आणि डॉक्टरांकडे जातांना तिला एकटीला न पाठवितां आपणहि तिच्याबरोबर जावें.