आमच्या जीपचा संसार

प्रत्येक मोठ्या कुटुंबांत एखादी वस्तु अशी असतेच कीं, जिची मालकी कागदोपत्रीं एकाची असली तरी जिच्याविषयीं मत देण्याचा अधिकार सर्वांस असतो. कोणाकडे ती दुभती म्हैस असते, कोणाकडे विहिरीवरचा पंप. आमच्याकडे ती जीप आहे. ती थोरल्या बंधूंच्या, म्हणजे दादांच्या नांवावर. चालवितो मुख्यतः मी. दुरुस्त करतो दादांचा मुलगा. आणि तिचें कोठें काय दुखतें हें वहिनींपासून शेंडेफळापर्यंत सर्वांस ठाऊक!

आमचें घर राजापूर तालुक्यांत. वाडी गांवापासून दीड मैलावर. वाटेंत आधीं जांभ्याचा उघडा सडा, मग लाल मातीची उतरण, आणि उतरणीच्या पायथ्याशीं पऱ्या. पऱ्याच्या पलीकडे डांबरी सडक व बाकीचें जग. उन्हाळ्यांत ह्या पऱ्यांत गुरांनाही प्यायला पाणी मिळत नाहीं. आषाढांत तोच दुथडी वाहूं लागतो. चार महिन्यांत शंभराहून अधिक इंच पाऊस घेणारा हा मुलूख. येथें गाडी ठेवणें म्हणजे सासुरवाशिणीला नांदविण्यासारखेंच आहे. तिच्या हौशी पुरविण्यापेक्षां तिचे हाल कमी करण्याकडे अधिक लक्ष द्यावें लागतें.

जीप मुळांतच काटक. १९४० सालीं अमेरिकन सैन्यानें हलकी, चारही चाकांनीं ओढणारी गाडी मागितली आणि पहिला नमुना देण्यास अवघी ४९ दिवसांची मुदत घातली. बँटम नांवाच्या एका लहानशा कंपनीनें ती मुदत पाळली. पुढें विलीज व फोर्ड ह्यांनीं महायुद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर काढल्या. शिपायानें चिखलांत उताणें पडून, हातांत एक पाना घेऊन दुरुस्त करावी, ह्या हिशेबानेंच ती घडविलेली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीनें आपल्याकडे विलीज जीपची जोडणी सुरू केली, आणि तेव्हांपासून तालुक्याच्या गांवच्या मेस्त्रीलाही हिच्या पोटांतली खडान्‌खडा माहिती झाली. आमची गाडी त्याच वंशांतली, डिझेलवर चालणारी, वापरलेली म्हणून स्वस्तांत मिळालेली. अशा गाडीला घरगुती औषध मानवतें.

पुतण्या पुण्याहून इंजिनियर होऊन आला तेव्हां त्याच्या मनांत मात्र घरगुती औषधें नव्हतीं. त्यानें दिवाळीच्या सुट्टींत फराळाच्या वेळीं एक यादी वाचून दाखविली. थोराड टायर, गाडी चार इंच उंच करण्याचा संच, पुढच्या बाजूस लोखंडी दांड्यांचें जू, विजेवर चालणारा ओढरहाट. अंदाज दीड लाखाच्या घरांत. दादांनीं चकली संपविली, हात पुसले आणि विचारलें, “आणि आपली गाडी केवढ्याची?” वहिनी हंसूं लागल्या. पुतण्या मात्र रागावला नाहीं. त्या मुलाचा हा गुण मला आवडतो.

खर्च बाजूस ठेवला तरी त्या यादीवर माझा आक्षेप होता. चाक मोठें केलें कीं त्याला फिरविण्यास इंजिनाला व थांबविण्यास ब्रेकला अधिक जोर करावा लागतो, आणि वेगाचा कांटा खऱ्यापेक्षां कमी आंकडा दाखवूं लागतो. गाडी उंच केली कीं तिचा गुरुत्वमध्य वर जातो, मग वळणावर ती कलंडण्यास वेळ लागत नाहीं. आणि आमच्या गाडींत मागें समोरासमोरच्या बांकांवर मुलें बसलेलीं असतात. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याच्या ५२ व्या कलमानें उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत ठरेल असा फेरफार करतां येत नाहीं; जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तें स्पष्ट केलें. पुढच्या लोखंडी दांड्यांविरुद्ध तर केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्येंच राज्यांस कारवाई करण्यास कळविलें होतें, आणि तें योग्यच झालें. त्या दांड्यांनीं आपली गाडी वांचते कीं नाहीं हा प्रश्न निराळा. समोरच्या पायीं चालणाऱ्याचें काय होतें?

ह्या वादांतून दादांनीं एक नियम काढला: जें हातानें काढून खुंटीला टांगतां येतें तेंच गाडीला लावावें. ह्या एका नियमाच्या आंत काय काय बसतें हें पाहण्याचा मग घरांत छंदच जडला.

पहिला मान वहिनींच्या पाटाला. चिखलांत चाक फसलें कीं गाडी उचलावयास जॅक लावावा, तों गाडी वर न येतां जॅकच खालीं जातो. त्याचा पाय चार इंच लांब व चार इंच रुंद, म्हणजे सोळा चौरस इंच. त्याखालीं फणसाच्या लाकडाचा दीड फूट लांब, एक फूट रुंद व दोन इंच जाड पाट ठेवला कीं तेंच वजन दोनशें सोळा चौरस इंचांवर पसरतें. जमिनीवरचा दाब तेराव्या हिश्शाहूनही कमी होतो. वहिनींनीं जुना पाट दिला, पण तो पुन्हां पंगतींत येणार नाहीं अशी अट घालून.

दुसरें औषध फुकट आहे: चाकांतली हवा कमी करणें. सडकेवर आम्ही अठ्ठावीस पौंड ठेवतों, भुसभुशीत जमिनींत सोळापर्यंत उतरवितों. टायर खालीं पसरतो, त्याचा जमिनीवरचा ठसा लांबतो आणि रुतणें कमी होतें. सडकेला लागण्यापूर्वीं हवा पुन्हां भरलीच पाहिजे, नाहीं तर टायर तापून फाटतो. ही भरण्याची कामगिरी सायकलच्या पंपावर पाळीपाळीनें पन्नास-पन्नास दट्टे मारून घरांतलीं मुलें करतात. एकत्र कुटुंबाचे फायदे ह्या विषयावर निबंध लिहिणारांनीं ह्या मुद्द्याचा विचार करावा.

ओल्या लाल मातीच्या चढावर मात्र हवा उतरवून भागत नाहीं. गाडींत डिफरन्शियल नांवाची एक दातेरी पेटी असते. वळतांना बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापतां यावें म्हणून ती इंजिनाची ओढ दोन्ही चाकांस सारखी वांटून देते. पण एक चाक निसरड्या जागीं आलें कीं त्याला जेवढी पकड तेवढीच ओढ दुसऱ्याच्याही वांट्याला येते. मग एक चाक गरगरतें आणि दुसरें स्वस्थ उभें राहतें. पुढें एक व मागें एक अशीं दोन चाकें सुटलीं कीं चारही चाकांनीं ओढणारी गाडीसुद्धां पाटावर बसलेल्या जांवयासारखी ढिम्म हलत नाहीं. ह्यावर यंत्रें मिळतात, तीं महाग. आम्ही सुंभाचा जाड दोर घेतों आणि टायरवरून व चाकाच्या भोंकांतून चार-पांच ठिकाणीं घट्ट वेढे देतों. गांठ बाहेरच्या अंगास, म्हणजे आंतल्या ब्रेकच्या नळीला दोर घासत नाहीं. माणसाच्या चालीनें गाडी चालविली तर हा दोर उतरण पार करून देतो. पुढें तो झिजतो. पण सुंभ घरचा, माडही घरचे.

गाडी अगदींच अडली तर दोर लावून ओढावी लागते. ह्या बाबतींत मी घरांत कडक आहें. ताणलेला दोर तुटला किंवा आंकडा निसटला म्हणजे तो गोफणीच्या धोंड्यासारखा येतो. म्हणून दोराच्या मध्यावर भिजलेली घोंगडी टाकावयाची, आणि मुलें ओटीवर. तेथून त्यांनीं हव्या तेवढ्या सूचना द्याव्या.

सर्वांत उपयोगी वस्तु मात्र कोणाच्या नजरेसही पडत नाहीं. चाकांच्या मधल्या आडव्या नळकांड्यांत, म्हणजे ॲक्सलमध्यें तेल असतें, आणि तेल तापलें कीं आंतली हवा बाहेर पडावी म्हणून वर एक लहानसें श्वासछिद्र ठेवलेलें असतें. तापलेली गाडी थंड पाण्यांत उतरली कीं आंतली हवा आकसते आणि त्याच छिद्रांतून पाणी ओढून घेते. मेस्त्रीनें एकदां आमच्या गाडीचें तेल काढून दाखविलें, तें हुबेहूब ताक! अशा तेलावर दांते फार दिवस टिकत नाहींत. पुतण्यानें त्या छिद्राला हातभर रबरी नळी जोडून तिचें तोंड वर, सांगाड्याच्या आडोशाला नेऊन बांधलें. खर्च दोनशें रुपयांच्या आंत. दीड लाखाची यादी करणाऱ्या मुलाचें हें काम पाहून दादांनीं त्या दिवशीं प्रथमच त्याची पाठ थोपटली.

त्या कौतुकानें हुरूप येऊन त्यानें पुढच्या मे महिन्यांत इंजिनालाही उंच नाक बसविलें. नळकामाच्या प्लॅस्टिकच्या नळीचें, टपापर्यंत गेलेलें. कल्पना नवी नव्हे. जून १९४४ मध्यें नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या जीपांनाही अशा नळ्या दिल्या होत्या. इंजिनांत पाणी गेलें तर तें हवेसारखें दाबलें जात नाहीं, आणि आंतले दांडे वांकतात. मुलानें काम नेटकें केलें होतें. इंजिन सुरू ठेवून नळीच्या तोंडावर फळी धरली कीं तें गुदमरून बंद पडत होतें, म्हणजे सांध्यांतून चोरून हवा येत नव्हती. मुलांनीं नळीला फुलांची माळ घातली.

आणि तेथूनच दादांची झोंप उडाली.

दोन वर्षांपूर्वींच्या श्रावणांत रात्रीं दहाच्या सुमारास वरच्या वाडींतून निरोप आला, सून अडली आहे, गाडी पाहिजे. पाऊस कोसळत होता. चाकांतली हवा उतरवून, सुंभाचे वेढे देऊन आम्ही तिला व तिच्या सासूला घेऊन निघालों. उतरणीवर एकदां गाडी आडवी सरकली, पण सांवरली. पऱ्याशीं आलों तों पाण्याचा आवाज इंजिनाच्या आवाजावर चढलेला. पुतण्या म्हणाला, “बाबा, इंजिनांत पाणी जाणार नाहीं. नळी आहे.”

दादा चिवारीची काठी घेऊन खालीं उतरले. कांठाशींच काठी दोन फुटांच्या वर भिजली. त्यांनीं वर पाहून एवढेंच म्हटलें, “इंजिन श्वास घेईल रे. पण चाकांना तळ नको का?”

हा हिशेब मी नंतर कागदावर मांडला. एक घनफूट पाण्याचें वजन अठ्ठावीस किलोंच्या वर. दहा फूट लांब व चार फूट रुंद असा गाडीचा खोका फूटभर बुडाला, तर आंत पाणी शिरेपर्यंत अकराशें किलोंचा भार पाणीच उचलून धरतें. चाकांवर पकड राहावी एवढें वजन मग उरतेंच कोठें? त्यांत वाहतें पाणी आडवें ढकलतें, आणि त्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. वाहत्या पाण्याची खोली दोन फूट असली म्हणजे बहुतेक मोटारी, उंच गाड्यासुद्धां, वाहून जातात. नळीनें गाडीची ताकद वाढविली नव्हती. फक्त आमचा धीर वाढविला होता, आणि त्या रात्रीं गाडींत पांच जीव होते, सहावा वाटेवर.

पऱ्यावर उंच साकव आहे. एकामागें एक माणूस जाईल एवढाच. जीप अलीकडे दिवे लावून उभी केली, आणि त्या प्रकाशांत पोरीला खुर्चीवर बसवून, खुर्चीला दोन वासे बांधून आम्हीं चौघांनीं साकवावरून पलीकडे नेलें. १०८ ची गाडी डांबरी सडकेपर्यंत येऊन थांबली होती. पहांटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. सासूबाईंनीं बारशाला जीपच्या नांवानेंही एक नारळ पाठविला.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें, कोणी न सांगतां, साकवाच्या खांबावर तळापासून दीड फुटावर पांढऱ्या तैलरंगाची आडवी रेघ मारली. पाणी रेघेच्या वर असेल तर गाडी अलीकडेच राहते, मग कोणी कितीही घाईंत असो. डब्याला दीडशें रुपये पडले; उरलेल्या रंगांत वहिनींनीं तुळशीवृंदावन रंगवून घेतलें.

नळी सध्यां पडवींत इरल्यांशेजारीं खुंटीला असते. मृगापूर्वीं रेघ नव्यानें रंगविण्याचें काम पुतण्याकडेच आहे. गेल्या वर्षीं त्यानें ती मूळ जागेपेक्षां चार बोटें खालीं ओढली. दादांनीं साकवावर उभें राहून तें पाहिलें, आणि कांहीं न बोलतां घरीं आले.