सरमेची लेकरे

कुत्र्याला बिस्किट घालणे हा पुण्य मिळवण्याचा जगातला सर्वांत स्वस्त मार्ग आहे, असे माझे कित्येक वर्षे प्रामाणिक मत होते. पाच रुपयांचा पुडा, दोन मिनिटांचा वेळ, आणि बदल्यात एक हलणारी शेपूट! आमच्या व्यवसायात इतके तत्पर कौतुक कुठे मिळते? तासभर मर्ढेकर शिकवले तरी शेवटच्या बाकावरची मान हलत नाही. इथे नुसता पुड्याचा कागद वाजला की एक अख्खा जीव नाकापासून शेपटापर्यंत हलू लागतो. शिवाय आपल्या पाठीशी नामदेव आहेतच. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव मी वर्गात दरवर्षी गहिवरून सांगतो. त्यांची तुपाची वाटी मी बिस्किटांवर भागवत होतो, एवढेच.

कोथरूडच्या आमच्या गल्लीत ती कुत्री आली एका पावसाळ्यात. रंग तांबूस, एक कान पडलेला, चेहऱ्यावर सदैव काहीतरी विचारायचे राहून गेल्यासारखा भाव. मी तिचे नाव सरमा ठेवले. महाभारताच्या आरंभी, आदिपर्वात, ही सरमा येते. जनमेजयाच्या यज्ञात शिरलेल्या तिच्या पिलाला राजाचे भाऊ विनाकारण मारतात. पिलू रडत आईकडे जाते, आणि ती देवांची कुत्री थेट यज्ञमंडपात येऊन राजाला जाब विचारते, "माझ्या मुलाने काय अपराध केला होता?" कुणी उत्तर देत नाही. शेवटी युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत चालत जातो तोही कुत्राच. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या दोन्ही टोकांना व्यासांनी कुत्रे बांधून ठेवले आहे, हे मी त्या दिवशी जेवताना सांगितले तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "आपल्या जिन्याला बांधू नका म्हणजे झालं." गल्लीने दोन दिवसांत 'सरमा'चे 'सरू' करून टाकले.

सरूला पहिली सहा पिले झाली ती समोरच्या बांधकामाच्या वाळूत. मी बिस्किटांचे पुडे दुप्पट केले. दीड महिन्यात त्या सहांपैकी एकही उरले नाही. दोन चाकांखाली गेली, बाकीची रक्ताच्या जुलाबांनी. 'पार्व्हो' हा शब्द मला तेव्हा माहीतही नव्हता. मला फार वाईट वाटले. इतके, की मी त्यावर एक कविता लिहिली. ती एका संपादकांनी साभार परत पाठवली, आणि त्याचेही मला वाईट वाटले. दुसऱ्या दिवसापासून बिस्किटे पुन्हा सुरू.

पुढच्या वर्षी सरू पुन्हा व्याली, या वेळी आमच्याच इमारतीच्या जिन्याखाली. आमच्या वॉचमनचा सात वर्षांचा मुलगा चेंडू काढायला तिथे वाकला आणि सरूने त्याचे मनगट फोडले. मी कॉलेजात होतो. मला कळले तिसऱ्या दिवशी, तेही पोराच्या हाताला बांधलेली चिंधी दिसली म्हणून. वॉचमन बिचारा काही बोललाच नव्हता. सरांची कुत्री, काय बोलायचे! त्याच्या बायकोने जखमेत लाल मिरची भरली होती. त्यांच्या गावी तसेच करतात.

मी पोराला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी आधी आम्हा दोघा मोठ्यांना फैलावर घेतले. कुत्रा चावला की पहिली गोष्ट म्हणजे साबण आणि वाहते पाणी, चांगली पंधरा मिनिटे. मिरची नाही, चुना नाही, हळद नाही. मग तडक दवाखाना. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की बहुधा कुणाच्याच हातात काही उरत नाही. जे करायचे ते त्याआधी. पोराच्या जखमेभोवती सुई टोचताना तो ओरडला नाही, त्याने नुसते माझे बोट धरले. महिनाभर ठरलेल्या तारखांना पुन्हा यायचे होते.

"कुत्रं कुणाचं?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारले.

"रस्त्यावरचं आहे," मी म्हणालो.

"सर तिला बिस्किटं घालतात," पोरगा म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. त्याला वाटले, सरांना आठवले नसेल.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "मग दहा दिवस तिच्यावर लक्ष ठेवा. इंजेक्शनं चुकवायची नाहीतच. पण कुत्री दहा दिवस धडधाकट राहिली तर तुमची चिंता जाईल."

ते दहा दिवस मी विसरणार नाही. पहाटे साडेपाचला विजेरी घेऊन मी जिन्याखाली डोकावत असे. सरू खाते का, पाणी पिते का, तोंडाला लाळ आहे का, चाल बिघडली आहे का. चौथ्या दिवशी ती जागेवर नव्हती. पिले कुईकुई करीत होती आणि आई बेपत्ता. त्या दिवशी मी वर्गात काय शिकवले देव जाणे. संध्याकाळी बाई परतल्या. मागच्या मंगल कार्यालयात लग्न होते. अकराव्या दिवशी सकाळी ती शेपूट हलवीत माझ्यासमोर उभी राहिली, तेव्हा मी पुडा उघडायला खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे मी गेलो तो त्याच दिवशी. सारी कहाणी ऐकून त्यांनी एकच प्रश्न केला, "बिस्किटं तुमची, मग पिलं कुणाची?"

त्यांनी जे सांगितले ते कुठल्याही शाळकरी मुलाला समजावे इतके साधे होते. कुत्रीचे दिवस नऊ आठवड्यांत भरतात. शस्त्रक्रिया न करता नुसते खाऊ घालायचे म्हणजे वर्षानुवर्षे चाकांखाली जाणारी पिले जन्माला घालायला हातभार लावायचा. सरकारने २००१ साली केलेले नियम आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी आलेले नवे नियम यांचे सूत्र हेच होते: कुत्रे धरा, शस्त्रक्रिया करा, रेबीजची लस टोचा आणि जिथून उचलले तिथेच सोडा. तिथेच का? तर एक जागा रिकामी झाली की शेजारच्या गल्लीतली कुत्री ती भरून काढतात. शस्त्रक्रिया झालेली, लस टोचलेली कुत्री मात्र आपली हद्द राखते. बेशुद्धीतच तिच्या कानाला बारीकशी खाच पाडतात, म्हणजे पुन्हा कुणी धरायला नको. हे सारे करायचे, पण पिले दूध पीत आहेत तोवर थांबायचे. आणि मधल्या वेळात पिलांना लस द्यायची व घरे शोधायची.

घरे शोधायची! पाच पिलांना! माझ्या चेहऱ्याकडे पाहून आमची कन्या म्हणाली, "बाबा, तुम्ही मराठीत एम. ए. आहात ना? मग त्यांची स्थळांची माहिती लिहा."

एम. ए. झाल्याचा इतका थेट उपयोग मला पूर्वी कधी झाला नव्हता. मी लिहिले: "वय सात आठवडे, तांबूस वर्ण, सुदृढ बांधा, घरंदाज चाल. निर्व्यसनी (चपला सोडून). पत्रिका पाहणे नाही. हुंडा घेणार नाही, पण रोज दोन वेळचे जेवण व संध्याकाळी फिरणे या अटी. एकत्र कुटुंब चालेल. सासूशी विशेष जमते." दुसऱ्याचे: "पांढरा, नाक काळे, स्वभाव चिंतनशील. झोप गाढ. प्राध्यापकाचे घर उत्तम." कन्येच्या मैत्रिणींनी फोटो काढून ते सगळीकडे पाठवले, आणि एका रविवारी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये आम्ही चक्क कांदेपोह्यांचा कार्यक्रम केला. पोहे पाहुण्यांना, पिलांना नाहीत, कारण कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतो. मुलींनी घरी केलेले आकाशकंदील तिथेच विकायला ठेवले. सरूच्या शस्त्रक्रियेचे आणि पिलांच्या लसींचे पैसे त्यांतून सुटले, वर दोनशे रुपये उरले. पिलांखाली रोज बदलायला रद्दी हवी होती. घराघरांतून ती जमा झाली. आमच्या घरच्या गठ्ठ्यात माझ्या कवितांची एक वही गेल्याचे मला नंतर कळले. ती साभार परत आली नाही.

मुलींनी स्थळांची चौकशी मात्र अशी केली, की तशी आमच्या वडीलमंडळींनीही कधी केली नसेल. घर भाड्याचे असेल तर मालक तयार आहे का? मे महिन्यात गावाला जाल तेव्हा पिलाला कोण पाहील? मोठे झाल्यावर शस्त्रक्रिया कराल का? एक जोडपे मोटारीतून आले होते. मुलाच्या वाढदिवसाला 'सरप्राइज' म्हणून त्यांना पिलू हवे होते. माझ्या कन्येने त्यांना नम्रपणे नकार दिला. मला संकोच वाटला, पण ती म्हणाली, "वाढदिवस एका दिवसात संपतो, बाबा." तिचेच खरे होते. पाहून-पारखून दिलेल्या चारांतला एक चिंतनशील पांढरा बाराव्या दिवशी परत आला. कारण, भुंकतो! पुढे तो एका निवृत्त गृहस्थांकडे गेला आणि तिथे रमला.

पाचवी काळी होती. नखशिखान्त काळी, सर्वांत चलाख, आणि तिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा वळून पाहिले नाही. "ही नको, ती तांबूस आहे ती द्या," असे मी त्या सकाळी किती वेळा ऐकले! एका बाईंनी तर कारण सांगण्याचीही गरज मानली नाही, नुसता हात हलवला. 'तांबूस वर्ण' ही माझी विनोदी ओळ मला तेव्हा जराशी जड गेली. असल्या जाहिराती आपण माणसांसाठी गंभीरपणे लिहीत आलो आहोत. मी तिचे नाव कृष्णा ठेवले. गल्लीने 'किशी' केले.

आता तळमजल्यावरच्या आजींविषयी सांगायला हवे. त्यांना लहानपणी कुत्रा चावला होता आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली होती. सत्तर वर्षे झाली, पण भुंकणे ऐकले की त्या अजून पदर घट्ट धरतात. मी त्यांना भूतदयेवर चार शब्द सांगायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, "तुमची दया असू द्या. पण तुमच्या पुण्याच्या वाटेत माझं फाटक येतं, त्याचं काय?"

मला उत्तर सुचले नाही. २०२३ च्या नियमांत रस्त्यावरच्या कुत्र्यांना कुठे आणि कधी खायला घालावे तेही लिहिलेले होते: जिना, येण्याजाण्याची दारे आणि मुलांच्या खेळण्याच्या जागा टाळून, मुले-म्हातारी बाहेर नसतील अशा ठरावीक वेळी. मी आजवर सगळे नेमके उलटे करीत होतो. आता सरूचे आणि किशीचे जेवण रात्री साडेनऊला, इमारतीमागे पाण्याच्या टाकीपलीकडे असते. दहा मिनिटांनी ताटल्या उचलायच्या आणि जागा धुवायची. बिस्किटे बंद, भात आणि उकडलेले अंडे. ताटल्या धुण्याची पाळी माझी. आजींची भीती गेली नाही, जाणारही नाही. पण पहिल्या थंडीत त्यांनी कन्येला बोलावून दोन जुनी नऊवारी दिली. "गोधडी शिवा त्यांना. आणि माझ्या दारात वाळत घालू नका."

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली रस्त्यावरची कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला, आणि अकराच दिवसांनी, २२ तारखेला, तो बदलून शस्त्रक्रिया व लस झालेली कुत्री, रेबीज झालेली व हिंस्र वगळता, मूळ जागी सोडायला सांगितली. त्या दिवसांत आमच्या स्टाफरूममध्ये उघड दोन पक्ष पडले. दोन्ही पक्ष चहा गार होईपर्यंत भांडत. त्यांतल्या कुणी कधी कुत्र्याची ताटली धुतली असेल असे मला वाटले नाही; पण वर्षभरापूर्वी माझे हातही तितकेच स्वच्छ होते.

दिवाळीचे मला पूर्वी कधी असे भय वाटले नव्हते. वसुबारसेला आपण गाय-वासराला ओवाळतो. नेपाळात तर याच दिवसांत कुकुर तिहार असतो. त्या दिवशी कुत्र्यांना टिळा लावतात, झेंडूच्या माळा घालतात. आमच्याकडे त्याच सुमारास त्यांच्या पायांशी लवंगी माळ पेटते. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. सुतळी बॉम्ब त्याला काय वाटत असेल? बिथरलेली कुत्री धावत सुटतात, आपली हद्द चुकतात, आणि मग परत येत नाहीत. म्हणून गेल्या दिवाळीत धनत्रयोदशीपासूनच सरू आणि किशी दोघींच्या गळ्यात कन्येने शिवलेले चकाकणारे पट्टे होते. रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांच्या जाकिटाला असते तीच पट्टी, मोटारीच्या उजेडात लांबून दिसते. मी उत्साहाच्या भरात सरूला रव्याचा लाडू देऊ लागलो तेव्हा कन्येने तो वरच्यावर झेलला. त्यात बेदाणे होते, आणि बेदाणा कुत्र्याला विष. शिकणे संपत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पहिला मोठा बार झाला तेव्हा आम्ही पूजेला बसत होतो. दारावर खरखर झाली. उघडले तो सरू. ती कधी नव्हे ती तीन मजले चढून आली होती आणि उंबऱ्याबाहेरच, रांगोळीच्या अलीकडे, थरथरत थांबली होती. तिच्यामागे जिन्यावर वॉचमनचा मुलगा, नवा शर्ट घातलेला, धापा टाकणारा. आणि त्याच्या दोन्ही हातांत, त्या व्रण राहिलेल्या मनगटावर मान टाकून, किशी.

"सर, हिलापण आत घ्या ना," तो म्हणाला. "हिला लई भ्या वाटतंय."

मी सौ.कडे पाहिले. त्यांनी पूजेचे तबक बाजूला ठेवले, पदर खोचला आणि न्हाणीघराचा दिवा लावला. "ती आजींची गोधडी कुठे ठेवली आहे?" त्या कन्येला विचारत होत्या, "आणि त्या पोराला आधी आत घे. रांगोळी पुसली तर पुसू दे."